‘मावशी, हे तू काढलेलं नाहीस’

गोरेगावच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय शेहेचाळीस, विमा कंपनीत नोकरी. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड. जे. जे. कला महाविद्यालयात जायचं होतं, पण वडिलांची गिरणी बंद पडली, घरात धाकटी भावंडं होती, म्हणून कॉमर्स करून नोकरी धरली. आता रात्रीची जेवणं आटोपली की त्या लॅपटॉपवर एआयकडून चित्रं करून घेतात. बहुतेक चित्रं चाळीची, पावसाची, गिरणगावाची. सोसायटीच्या ग्रुपवर कौतुक झालं. घराजवळच्या वाचनालयाने जानेवारीत छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ओळखीच्या एका बाईंनी एक चित्र पाच हजारांना मागितलं. त्यांना त्यात गिरगावातली आपली पाडलेली चाळ दिसली आणि रडूच फुटलं. सगळं छान चाललं असताना जे. जे.त उपयोजित कला शिकणारी भाची जेवायला आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘मावशी, हे तू काढलेलं नाहीस. आयतं आहे.’ तेव्हापासून दोघींत कामापुरतं बोलणं. ताई विचारतात: एआयची कला खरोखर सर्जनशील असते का? असेल तर भाचीला काय उत्तर देऊ? आणि नसेल तर प्रदर्शन रद्द करू का?

ताई,

पत्रासोबत तीन चित्रं पाठवलीत ते फार बरं केलंत. या विषयावर हवेत गप्पा मारणं सोपं असतं. मी आधी चित्रं पाहिली, पत्र मग वाचलं.

पहिलं चित्र चाळीतल्या पावसाचं. लाकडी कठडा, दोरीवरची लुगडी, ओल्या फरशीवर दिव्याचा पिवळा उजेड. पहिल्या नजरेत छान वाटलं. मग दिसलं की कठड्याशी उभ्या बाईचं लुगडं नऊवारी म्हणून नेसवलंय, पण काष्टाच नाही. पुढे पाचवारीच्या निऱ्या आणि मागे कुठूनतरी आलेला पदर. खालच्या वाण्याच्या पाटीवर शिरोरेघ आहे, काने-मात्रे आहेत, आणि वाचायला जावं तर एक अक्षर मराठी नाही. पाऊस एवढा कोसळतोय तरी कठड्याबाहेरच्या दोरीवर कपडे तसेच! चाळीतली कुठली बाई हे होऊ देईल? दुसरं चित्र गिरणीच्या फाटकाचं. त्यातले कामगार सगळे एका वयाचे, एका बांध्याचे, आणि सगळ्यांच्या डोक्याला केशरी फेटा. तुमचे वडील फेटा बांधून पाळीला जात होते का?

तिसऱ्या चित्रात बाई पाठमोरी आहे. एक हात कठड्यावर. शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटचा पांढरा उजेड अर्ध्या पाठीवर पडलाय. चेहरा नाही, पाऊस नाही. या चित्राबद्दल तुम्ही लिहिलंय की यंत्र पुन्हापुन्हा बाईला आपल्याकडे वळवून हसवत होतं, दिवा पिवळा करत होतं, आणि तुम्हाला ते नको होतं. वडिलांची पाळी सुटून बराच वेळ झाला की आई अशी उभी राहायची आणि मागून तिचा चेहरा तुम्हाला दिसायचा नाही. यंत्राला काष्टा काही केल्या जमेना, तेव्हा तो तुम्ही पेनने स्क्रीनवर स्वतः काढलात.

ही तिन्ही चित्रं त्याच लॅपटॉपवर, त्याच अ‍ॅपमध्ये झाली. मग ‘एआयची कला सर्जनशील असते का’ या प्रश्नाला तिन्हींसाठी एकच उत्तर कसं देणार? पहिली दोन तुम्ही मागवलीत. तिसऱ्यासाठी भांडलात.

यंत्राचं म्हणाल, तर हा वाद आजचा नाही. १८४३ साली इंग्रज गणितज्ञ एडा लवलेसने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणकयंत्रावर टिपा लिहिल्या, तेव्हाच तिने बजावून ठेवलं होतं की हे यंत्र स्वतःहून काही नवं निर्माण करण्याचा आव आणत नाही, आपण सांगू शकू तेवढंच ते करेल. १९५० मध्ये संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने त्यावर म्हटलं की यंत्रं मला तर वारंवार चकित करतात. दोघांचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही. मला यात मार्गारेट बोडेन या ब्रिटिश विदुषीची मांडणी कामाची वाटते. त्यांनी सर्जनशीलतेचे तीन प्रकार मानले: ओळखीच्या गोष्टींची अनोळखी जुळणी, एखाद्या शैलीच्या चौकटीत राहून तिचे कानेकोपरे धुंडाळणं, आणि ती चौकटच बदलून टाकणं. पहिल्या दोन गोष्टी आजचं यंत्र करतं, आणि कित्येक माणसांहून झपाट्याने करतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसरीबद्दल मला शंका आहे, कारण चौकट मोडायला आधी तिचा कंटाळा यावा लागतो.

तुमचं अ‍ॅप आत काय करतं ते थोडक्यात सांगते, कारण फेट्यांचं कोडं त्यानेच सुटेल. चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर यांच्या कोट्यवधी जोड्या त्याला दाखवलेल्या असतात. चित्रावर मुद्दाम ठिपक्यांचा गोंधळ पसरायचा आणि तो पुसायला यंत्राला शिकवायचं, अशी ही तालीम असते. मग तुम्ही शब्द देता, आणि ते निव्वळ गोंधळापासून सुरुवात करून, त्या शब्दांशी जुळेल असं काहीतरी पुसत पुसत वर आणतं. त्याने पाहिलेल्या ढिगात ‘मराठी’ या शब्दाजवळ जे जास्त वेळा होतं, तेच आधी वर येतं. म्हणून फेटा, म्हणून नथ, म्हणून हसरी बाई. तुमची आई त्या ढिगात नव्हती.

म्हणूनच कौतुकाने हुरळून जाण्याआधी जरा थांबा, असं मी म्हणेन. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक प्रयोग २०२४ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात छापून आला. काही लोकांना छोट्या गोष्टी लिहायला दिल्या, त्यांतल्या काहींना एआयच्या कल्पना वापरायची मुभा दिली. एआयची मदत घेतलेल्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त सर्जनशील वाटल्या. ज्यांचा हात मुळात बेताचा होता त्यांना तर फायदा अधिक झाला. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या झाल्या होत्या. सुटी गोष्ट सरस, ढीग मात्र सपाट. २०२५ च्या मार्चमध्ये आपलं अख्खं व्हॉट्सअ‍ॅप घिबली कार्टूनसारखं झालं होतं, आठवतंय ना? माझ्या फोनवर तर चार घरांचे गणपती एकाच घरात बसल्यासारखे दिसत होते.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत. तुम्ही लिहिलंय, ‘चार चित्रं समोर येतात, त्यातलं नेमकं मी निवडते, म्हणजे नजर माझीच ना?’ नजर तुमचीच. पण दादरच्या दुकानात गादीवर बसून आपण चाळीस साड्या उलगडायला लावतो आणि एक उचलतो, तेव्हा घरी येऊन ‘ही मी विणली’ असं कोणी म्हणत नाही. नुसती निवड फार तर चोखंदळपणा दाखवते. मात्र तुम्ही येवल्याला जाऊन विणकराशेजारी बसलात, हा काठ नको, इथला मोर काढून टाका, हा रंग माझ्या आजीच्या लुगड्याचा घ्या म्हणालात, तर त्या साडीत तुमचाही थोडा भाग येतो. किती, यावर वाद घालता येईल. तिसऱ्या चित्रात तुम्ही येवल्याला गेला होतात.

अमेरिकेत हा वाद कचेरीपर्यंत गेला. जेसन अ‍ॅलन नावाच्या गृहस्थांनी २०२२ साली कोलोरॅडोच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत मिडजर्नी नावाच्या एआयने केलेलं चित्र ठेवलं आणि डिजिटल विभागात पहिलं बक्षीस पटकावलं. आपण निदान ६२४ वेळा सूचना बदलल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली. यंत्राने केलेल्या भागावरचा हक्क सोडायला ते तयार नव्हते. मलाही ६२४ या आकड्याने फारसं हलवलं नाही. कितीदा मागितलं हे मोजता येतं, पण काय नाकारलं आणि का, हे त्यातून कळत नाही.

कॅमेऱ्याचा दाखला लोक हमखास देतात, तुम्हीही दिलाय. दाखला चांगला आहे, फक्त पुरता वाचायला हवा. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोचा खटला गेला. फोटो यंत्र काढतं, त्याला कसला कर्ता, असा प्रतिपक्षाचा मुद्दा होता. न्यायालयाने सॅरोनीच्या बाजूने निकाल दिला: माणसाला बसवलं कसं, कपडे कोणते, उजेड-सावली कशी, हे त्याने ठरवलं होतं. म्हणजे तिथेही बोट ठेवलं गेलं ते ठरवण्यावर. पण सॅरोनीच्या कॅमेऱ्याच्या पोटात दुसऱ्या छायाचित्रकारांची कामं भरलेली नव्हती, आणि दाखला इथे तोकडा पडतो.

इथेच तुमच्या भाचीकडे वळू.

तिने काय म्हटलं ते पुन्हा वाचा. ‘हे तू काढलेलं नाहीस.’ चित्र वाईट आहे असं ती म्हणाली नाही. तुला काही येत नाही असंही म्हणाली नाही. तिने एक वस्तुस्थिती सांगितली, चारचौघांत सांगितली हे चुकलंच, पण तिचं ऐकून घेण्याआधीच तुम्ही ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणून मोकळ्या झालात. तिला मत्सर वाटतो किंवा नोकरीची भीती वाटते, असं तुम्ही धरून चालला आहात. भीती वाटत असेल तर ती बिनबुडाची नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठ, दिवाळी अंकातलं कथाचित्र, जाहिरातीचा स्टोरीबोर्ड, असल्या किरकोळ कामांतूनच उपयोजित कलेच्या मुलांचा हात आणि नाव तयार होतं. नेमकी तीच कामं आता लोक अ‍ॅपकडून उरकून घेतात.

पण मला वाटतं तिचा राग याहून खोल आहे. लायन-५बी या नावाच्या संचात इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्र-मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्यांची यादी होती, आणि स्टेबल डिफ्यूजनसारखी यंत्रं तिच्यातल्याच निवडक भागांवर शिकली. ज्यांची चित्रं होती त्यांना कोणी विचारलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये काही चित्रकारांनी यावरून कॅलिफोर्नियात दावा लावला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांत या गोष्टी रोज बोलल्या जातात. आणि तुम्ही तर पत्रात सहज लिहून गेलात की सूचनेत ‘दीनानाथ दलालांच्या शैलीत’ असं घातलं की रंग खुलतात! ज्या मुलीने सीईटीसाठी सीएसएमटीला बसून प्रवाशांच्या पाठी आणि पिशव्या रेखाटल्या, तिला हे ऐकून काय वाटलं असेल?

यंत्राने चित्र काढणं म्हणजे दुसऱ्याचं उचलणंच, असंही नाही. हॅरल्ड कोहेन हे ब्रिटिश चित्रकार सत्तरच्या दशकापासून, २०१६ मध्ये जाईपर्यंत, ‘आरॉन’ नावाचा प्रोग्राम घडवत राहिले. त्यात दुसऱ्या कोणाची चित्रं भरलेली नव्हती. रेघ कशी वळावी, आकार कुठे मिटावा, याचे नियम त्यांनी स्वतःच्या चित्रकारीतून काढून बसवले होते. भाचीला कोहेन दाखवलेत तर ती त्यांच्याशी भांडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक, जरा बोचेल. तिला सगळं आयतं मिळालं, आईवडिलांनी फी भरली, क्लास लावला, असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. तिनेही तुमच्या चित्रांना आयतं म्हटलं. दोघी एकमेकींवर एकच आरोप करताय. तुम्ही मला यंत्राबद्दल विचारलंत, पण पत्रात तुमची लेखणी रेंगाळते ती त्या हुकलेल्या प्रवेशापाशी. हे यंत्र सर्जनशील ठरलं म्हणून ती वर्षं भरून निघणार नाहीत, आणि नाही ठरलं म्हणून तुमचा ‘ए’ ग्रेड खोटा होणार नाही. गिरगावच्या त्या बाईंचं रडूही खरंच होतं. फक्त ते त्यांच्या चाळीचं रडू होतं. चित्र किती अस्सल, याचा तो पुरावा होत नाही.

बरं, आता करायचं काय?

प्रदर्शन रद्द करू नका. पण पहिली दोन चित्रं काढून टाका. एकेक चित्र समोर ठेवून स्वतःला विचारा की यात मी काय नको म्हटलं आणि का. ज्याबद्दल पाच मिनिटं बोलता येईल ते भिंतीवर लावा. ज्याबद्दल ‘सुंदर आलं म्हणून ठेवलं’ एवढंच सांगता येईल ते फोनमध्ये राहू द्या. वीसाऐवजी सात चित्रं लागली तरी वाचनालयाची काही हरकत नसेल.

प्रत्येक चित्राखाली पाटी लावा. नुसतं ‘चित्रकार’ आणि तुमचं नाव असं नको. अमुक अ‍ॅपच्या मदतीने, कल्पना, निवड आणि रेखादुरुस्ती अमुक, असं साधं लिहा. दलालांचं नाव सूचनेत वापरलं असेल तर तेही लिहा. आपल्या कायद्यात शैलीवर हक्क नसतो, पण प्रत्यक्ष चित्रांवर चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं अजून त्या मुदतीत आहेत. यापुढे कोणाचंही नाव न घालता काम करून पाहा. रंग थोडे फिके येतील, आणि मग तुम्हाला ठरवावं लागेल की कोणते हवेत.

यंत्र सोडून पेन्सिल धरा, असं मी सांगणार नाही. रात्री दहानंतर तुम्ही काय करावं हे मी कोण ठरवणार? एक सुचवते. बऱ्याच अ‍ॅपमध्ये शब्दांबरोबर आपलं कच्चं रेखाटनही देता येतं. आधी कागदावर हाताने चौकट आखा, बाई कुठे, कठडा कुठे, उजेड कुठून, आणि ते फोटो काढून द्या. मग यंत्र तुमच्या मांडणीवर चालेल. इंटरमिजिएटचा हात इतक्या वर्षांनीही अगदीच गेलेला नसतो, तुमचा काष्टा पाहून तर नाहीच.

विक्रीबद्दल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आलं: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. ते कलम आजच्या एआयच्या आधीचं आहे, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. एका एआय प्रोग्रामला सहकर्ता दाखवून केलेली चित्राची नोंदणी २०२० मध्ये आपल्याकडे मंजूर झाली, आणि पुढच्या वर्षी कार्यालयानेच ती मागे घेण्याची नोटीस काढली. सांगायचा मुद्दा असा की ‘याचे सर्व हक्क माझे’ असं लिहून देऊ नका. अ‍ॅपच्या अटींत विक्रीला परवानगी आहे का, तेही पाहा. फुकट आणि पैसे भरलेल्या वापराचे नियम वेगळे असू शकतात.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आहेत, त्यांनाही यातलं घेता येईल. मुलाने स्पर्धेत एआयचं चित्र दिलं म्हणून धास्तावलेल्या आईने आधी स्पर्धेचा नियम वाचावा आणि मग मुलाला कच्ची रेखाटनं मागावीत. परीक्षकांनीही तीच मागावीत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी श्रेयनामावलीत एआय वापरल्याचं छापावं. आणि मंडळाच्या बॅनरवर सहा बोटांचा कार्यकर्ता छापणाऱ्यांना मी काय सांगणार, निदान छापण्याआधी एकदा बोटं मोजा.

भाचीला समजावायला जाऊ नका, आणि माफी मागायचीही घाई नको. तिला एखाद्या रविवारी बोलवा, सगळी चित्रं जमिनीवर पसरा आणि कोणती काढून टाकावीत ते तिला विचारा. ती निर्दय असेल, चालेल. तिसऱ्या चित्रापाशी मात्र तिला तिच्या आजीबद्दल सांगा. ती अशी उभी राहायची हे बहुधा तिला माहीत नसेल.

आणि पाच हजार देऊ करणाऱ्या बाईंना आजच फोन करा. चित्र कसं झालं ते स्पष्ट सांगा, त्यांच्या चाळीचं कुठलंही छायाचित्र त्यामागे नाही हेही सांगा. एवढं ऐकून त्यांना ते हवंच असेल तर खुशाल द्या. पण ही गोष्ट त्यांना वाचनालयातल्या पाटीवर कळायला नको.